नाताळचा दुसरा दिवस

लॅटिन परंपरेच्या चर्च-पंचांगात २५ डिसेंबरला प्रभू येशूचा जन्म साजरा होतो आणि लगेच २६ तारखेला संत स्तेफनचा सण येतो. स्तेफन हा पहिला ख्रिस्ती हुतात्मा. जेरुसलेमच्या वेशीबाहेर नेऊन त्याला दगडांनी ठेचून मारलं. दगड अंगावर पडत असताना त्याने गुडघे टेकले आणि या माणसांच्या माथी हे पाप मारू नकोस, अशी देवाला विनवणी केली. २७ तारीख प्रेषित योहानाची. २८ ला हेरोद राजाने बेथलेहेममध्ये कापून काढलेल्या तान्ह्या मुलांची आठवण करायची. गव्हाणीतलं गवत अजून वाळलेलंही नसतं, फराळाचे डबे शेजाऱ्यांकडून परत यायचे असतात, आणि २६ च्या सकाळी मिस्सेला गेलं की धर्मगुरूंच्या अंगावर काल पांढरा असलेला झगा आज रक्ताच्या लाल रंगाचा दिसतो.

त्या सकाळी चर्चमध्ये माणसं मोजकीच असतात. नाताळच्या रात्रीच्या मिस्सेला मैदान भरलेलं असतं आणि या दिवशी पहिल्या दोन बाकांपलीकडे कोणी नसतं. मला मात्र वर्षानुवर्षं वाटत आलं आहे, की नाताळचा अर्थ कळायचा असेल तर या दुसऱ्या दिवसाला चुकवून चालणार नाही. शांती आणि क्षमा हे दोन शब्द आपण शुभेच्छापत्रांवर इतके छापले आहेत, की ते गोड, निरुपद्रवी होऊन बसले आहेत. ज्यांनी हे सण एकाशेजारी एक मांडले त्यांना ती गोडी मान्य नव्हती. बाळाच्या जन्माचा आनंद करा, पण हे बाळ कोणत्या जगात आलं तेही पाहा, असं हे पंचांग सांगतं.

नवी मुंबईत राहणाऱ्या ख्रिस्ती माणसांनी नाताळची शांती आणि क्षमा या विषयावर लिहिलेले लेख या पुस्तकात आहेत. कोणी मल्याळी घरातले, कोणी मंगळुरी, कोणी गोव्याचे, कोणी वसईचे, आणि माझ्यासारखे काही नगर जिल्ह्यातल्या मराठी ख्रिस्ती घरांतून इकडे आलेले. लेखांबद्दल मी फार बोलणार नाही, ते स्वतः बोलतील. ज्या भूमीवर उभं राहून ते बोलतात ती थोडी उकरून दाखवणं एवढंच प्रस्तावनेचं काम मी मानते.

दगडांपासूनच सुरुवात करते, कारण ते आपल्याकडेही पडले आहेत. २१ मार्च २०१५ ला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, नवीन पनवेलच्या सेंट जॉर्ज चर्चवर मोटारसायकलवरून आलेल्या, तोंडं झाकलेल्या माणसांनी दगड मारले. संत जॉर्जच्या पुतळ्यापुढची काच फुटली. चर्चच्या कॅमेऱ्यात त्या आकृत्या दिसल्या, पोलिसांत तक्रार झाली. उपवासकाळ चालू होता, ईस्टर दोन आठवड्यांवर आलं होतं. त्या हिवाळ्यात दिल्लीतल्या चर्चवरच्या हल्ल्यांच्या बातम्या येऊन गेल्या होत्या, त्यामुळे पनवेलची बातमी देशभर पोचली. कोणाचा जीव गेला नाही, कोणी जखमी झालं नाही. पण घरातली म्हातारी माणसं रात्री दार दोनदा तपासू लागतात, एवढं व्हायला एक काच पुरते.

अशा वेळी आपल्याला हटकून एक प्रश्न विचारला जातो. तुम्ही तर क्षमा करणारे, मग तक्रार कशाला करता? विचारणारा कधी टोमणा मारत असतो, कधी खरोखर जाणून घेऊ पाहत असतो. या प्रश्नाचं सरळ उत्तर देता आलं पाहिजे आणि ते एका बाईने आपल्या देशात दिलं आहे. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूर गावात मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे दोन मुलगे, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, गाडीत झोपले असताना त्यांना जाळून मारण्यात आलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि त्यानंतरही काही वर्षं बारिपद्यात राहून कुष्ठरोग्यांची सेवा चालू ठेवली. पण क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम यांची गल्लत करू नका, हेही त्या स्पष्ट बोलल्या. कायद्याने आपलं काम करावं, माझ्या मनात मात्र या माणसांबद्दल विष राहणार नाही, अशी ती भूमिका होती. ख्रिस्ती क्षमेबद्दलचे निम्मे गैरसमज इथे मिटावेत. क्षमा करणारा आपला सूड घेण्याचा हक्क सोडतो. दुसऱ्याच्या सुरक्षिततेचा, समाजाच्या न्यायाचा हक्क सोडायला तो मोकळा नसतो, कारण तो त्याच्या एकट्याच्या मालकीचाच नाही.

असंच पोप दुसरे जॉन पॉल यांचं. त्यांच्यावर १३ मे १९८१ ला व्हॅटिकनमध्ये मेहमत अली अग्जाने गोळ्या झाडल्या. चार दिवसांनी रुग्णालयाच्या खाटेवरूनच पोपनी त्याला क्षमा केल्याचं सांगितलं. पण ते तुरुंगात त्याला भेटायला गेले ती तारीख २७ डिसेंबर १९८३. नाताळ होऊन दोन दिवस झाले होते. कोठडीत दोघं खुर्च्यांवर शेजारी बसले, हळू आवाजात बोलले, आणि काय बोलले ते त्यांच्यातच राहिलं. अग्जा इटलीच्या तुरुंगात त्यानंतरही राहिला, २००० सालापर्यंत. भेट झाली म्हणून दार उघडलं नाही आणि दार उघडलं नाही म्हणून भेट खोटी ठरली नाही.

आता शांतीकडे येऊ. लूकने लिहिलेल्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माची कथा एका सरकारी हुकमाने सुरू होते. औगुस्त कैसराने शिरगणती लावली, म्हणून दिवस भरत आलेल्या मरियेला घेऊन योसेफाला बेथलेहेमला जावं लागलं. हा तोच औगुस्त, ज्याने जगाला शांती दिली म्हणून रोमच्या सिनेटने शांतीची संगमरवरी वेदी बांधवली. इ.स.पू. ९ मध्ये तिचं लोकार्पण झालं आणि ती आजही रोममध्ये पाहायला मिळते. म्हणजे शांतीची घोषणा तेव्हा आधीच झालेली होती, तिला सैन्य होतं, करवसुली होती, बंड करणाऱ्यांसाठी क्रूस होते. लूक हे सगळं जाणून होता. त्याच राज्यात, रात्री कळप राखत बसलेल्या मेंढपाळांना, ज्यांचं नाव कोणत्याही संगमरवरावर येणार नव्हतं, देवदूतांनी दुसऱ्या एका शांतीची बातमी दिली, असं तो लिहितो. त्या काळच्या वाचकाला या दोन शांतींमधला विरोध समजावून सांगावा लागत नसणार.

आपल्यालाही तो समजायला हवा, कारण आपण राहतो ते शहर अशाच एका आदेशातून उभं राहिलं. हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेतली गेली. भातखाचरं, मिठागरं, खाडीकाठ, आगरी आणि कोळी माणसांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं सगळं. भाव वाजवी मिळावा, विकसित जमिनीत वाटा मिळावा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई आणि दास्तान फाट्याच्या परिसरात पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण मरण पावले. साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना पुढे आली ती या रक्तातून. आजही दरवर्षी जानेवारीत तिथे हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. नाताळच्या सुट्ट्या नुकत्याच संपलेल्या असतात.

आमची चर्च याच जमिनीवर आहेत. वाशी असो, नेरूळ, खारघर की कळंबोली, कुठलीही वेदी पाहा, तिच्याखाली कोणाचं तरी शेत आहे. ती जमीन आम्ही हिसकावली नाही हे खरं, कायद्याने जे मिळालं त्यावर बांधलं हेही खरं. तरी आम्ही जेव्हा पृथ्वीवर शांती म्हणून गातो, तेव्हा कोणत्या पृथ्वीवर उभे आहोत हे ठाऊक असायला हवं. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनात येशू एक अडचणीची गोष्ट सांगतो. तू वेदीपाशी दान घेऊन आलास आणि तिथे तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जा, त्याच्याशी समेट कर, मग ये. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असं तो म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध असेल तर, असं म्हणतो. क्षमेवरची बहुतेक प्रवचनं आपल्याला क्षमा करणाऱ्याच्या जागी बसवतात, ती जागा उंच आहे, तिथे बसायला बरं वाटतं. या पुस्तकातले मला जे लेख सर्वांत मोलाचे वाटतात ते क्षमा मागणाऱ्याच्या जागी बसून लिहिलेले आहेत.

मागणं कठीण असतंच, पण करणंही स्वस्त समजू नये. पेत्र येशूला विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? उत्तरादाखल येशू एका चाकराची गोष्ट सांगतो. राजाचं दहा हजार तालांतांचं देणं त्याला माफ झालं आणि बाहेर पडताच त्याने शंभर दीनारांसाठी सोबतीच्या चाकराची गचांडी धरली. हिशेब मांडून पाहावा. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एका तालांताचे सुमारे सहा हजार दीनार. म्हणजे राजाने माफ केली ती सहा कोटी दिवसांची मजुरी, कोणत्याही माणसाच्या आवाक्याबाहेरची. पण शंभर दीनार? शंभर दिवसांची मजुरी. सकाळी नाक्यावर काम मिळण्याची वाट पाहणाऱ्या माणसाला विचारा, तुर्भ्याच्या बाजारात पोती वाहणाऱ्या माथाडीला विचारा, शंभर दिवसांची मजुरी बुडाली तर घरात काय होतं. येशू त्या छोट्या देण्याला नगण्य म्हणत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. माणसाने माणसाला दिलेली दुखापत खरी असते, मोजता येण्याजोगी असते. ती मोजूनच सोडायची आहे.

आमच्याकडच्या दुखापती बहुधा याच मापाच्या. वरच्या घराची मोरी गळते, खालच्या घराच्या छताला ओल येते, पोपडे पडतात. सोसायटीच्या सभेत आवाज चढतात, पत्रं जातात, मग जिन्यात समोरासमोर आलं तरी नजर मोबाइलमध्ये. असे दोन शेजारी मी नाताळच्या रात्रीच्या मिस्सेत पाहिले आहेत. ध्वनिक्षेपकाच्या नियमामुळे ही मिस्सा आता बऱ्याच ठिकाणी मध्यरात्री नसून संध्याकाळीच होते, शाळेच्या मैदानात, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून. खुर्च्या मिळतील तिथे बसावं लागतं, म्हणून ही दोन कुटुंबं पुढेमागे आली. शांतीचं चिन्ह द्यायची वेळ झाली. धर्मगुरू सांगतात आणि सगळे आजूबाजूला वळून एकमेकांना हात जोडतात. पुढचा गृहस्थ डावीकडे वळला, उजवीकडे वळला, मागे वळायचं की नाही यात क्षणभर अडला, आणि वळला. मागच्याने हात जोडले, पुढच्यानेही जोडले. बायका एकमेकींकडे पाहून हसल्या, त्यांचं बहुधा आधीपासून बोलणं होतं. जानेवारीत प्लंबर आला. खर्च निम्मा-निम्मा की पाऊण-पाव, यावर दोघांचं पुन्हा चांगलंच वाजलं, पण या वेळी एकाच्या घरात, चहा पिता पिता.

आगमनकाळात पापनिवेदनासाठी लागणाऱ्या रांगा हा याच कामाचा दुसरा भाग. कोकणी माणूस त्याला कुमसार म्हणतो. शेजारच्या धर्मग्रामांतले धर्मगुरू एकमेकांच्या मदतीला येतात, कारण नाताळच्या आधीच्या आठवड्यात माणसं वर्षाचं ओझं घेऊन येतात. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळींत ही पद्धत नाही, तिथे प्रभुभोजनाआधी माणसाने स्वतःची झडती घ्यायची असते. रीत वेगळी असली तरी दोन्हीकडे समजूत एकच, की मला देवाने आधी माफ केलं आहे आणि आता मला रिकाम्या हाताने शेजाऱ्याकडे जाता येईल.

मराठीत या विषयावरचं सर्वांत खरं पुस्तक धर्मग्रंथांच्या कपाटात सापडत नाही. ते म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांना १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला. वाचता वाचता ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथे त्यांचं मन जडलं. शत्रूवर प्रीती करायला सांगणारी ही शिकवण त्यांना सोडवेना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण या शिकवणीची पहिली किंमत चुकवली ती त्यांच्या बायकोने. नवरा जिवंत असून तिच्या वाट्याला वियोग आला, पदरात मुलगा दत्तू, नातलगांचा आधार आणि त्याच आधाराचा जाच, सोवळ्याओवळ्याचा पहारा. काही काळ ती पंढरपुरात राहिली. टिळक भेटायला येत, पत्रं लिहीत, ओढाताण चालू राही.

चारपाच वर्षांनी ती त्यांच्याकडे राहायला गेली. गेली तेव्हा ती हिंदू होती, स्वतःची चूल वेगळी ठेवून, स्वतःचं सोवळं सांभाळून. जातीपातीचा विचार तिने स्वतःच्या डोक्याने, हळूहळू, एकेक गाठ सोडवत सोडला आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. या क्रमाकडे मी वाचकांचं लक्ष मुद्दाम वेधते. समेट आधी झाला, धर्मांतर नंतर. एका हिंदू बाईने एका ख्रिस्ती माणसाला माफ केलं आणि त्या माफीच्या घरात पुढचं सगळं घडलं. क्षमा ही आम्हा ख्रिस्ती लोकांची मिरास आहे असं कोणाला वाटत असेल त्याने या घराकडे पाहावं.

आणखी एक. लक्ष्मीबाई काही विसरल्या नाहीत. टिळकांचा तापट स्वभाव, न सांगता घरातून निघून जाणं, घरात दाणा नसताना दुसऱ्याला देऊन टाकणं, सगळं त्यांनी लिहून ठेवलं. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’च्या भागांत एकही जखम झाकलेली नाही आणि एकीतही पू नाही. क्षमा करा म्हणजे विसरा, असं आपल्याला लहानपणापासून सांगतात. मला ते पटत नाही. जे आठवतं, नावानिशी आठवतं, आणि तरी जे सांगताना आवाज कडवट होत नाही, ते माफ झालेलं असतं. ९ मे १९१९ ला टिळक गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. फारसं शिक्षण न मिळालेल्या या बाईने ते पुढे नेऊन पुरं केलं. ज्या येशूमुळे तिचा संसार मोडला होता त्याच्याच चरित्राचं काव्य तिने पुरं केलं.

एका गोष्टीबद्दल मात्र वाचकांनी सावध राहावं. क्षमेचा उपदेश हा दुबळ्याच्या गळ्यावर पाय ठेवण्याचं साधन सहज होतो. मार खाणाऱ्या बाईला नाताळ आला, माफ कर, घरी जा, असं सांगणारे पाहुणे मी पाहिले आहेत. अत्याचार झालेल्या मुलाला चर्चच्या अब्रूसाठी गप्प बसवल्याची उदाहरणं जगभरच्या चर्चच्या इतिहासात आहेत आणि ती आम्हाला मान खाली घालायला लावणारी आहेत. लक्ष्मीबाईंना कोणी जा म्हणून लोटलं नव्हतं, ग्लॅडिस स्टेन्स यांना कोणी हुकूम केला नव्हता. ज्याला लागलं त्यानेच, त्याच्या वेळेने, त्याच्या मर्जीने द्यायची ही गोष्ट आहे. दुसऱ्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार बिशपांनाही नाही.

जगाला शांती सांगताना घरातलंही पाहावं लागतं. केरळातल्या मलंकरा चर्चमधल्या ऑर्थोडॉक्स आणि याकोबाइट गटांचा वाद ३ जुलै २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतरही शमला नाही. सिरो-मलबार चर्चच्या एर्नाकुलम इथल्या सेंट मेरीज बॅसिलिकात मिस्सा कोणत्या दिशेला तोंड करून अर्पावी यावरून २०२२ च्या नाताळच्या तोंडावर वेदीपाशी झटापट झाली. नवी मुंबईतल्या अनेक मल्याळी घरांची मुळं याच चर्चांमध्ये आहेत, ते वाद इथल्या जेवणाच्या टेबलांवरही बसतात. या पुस्तकातल्या दोन लेखकांनी त्याबद्दल मोकळेपणी लिहिलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

आणि गप्प बसणं म्हणजे शांती, असं मानणाऱ्यांनी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना आठवावं. ‘सुबोध बायबल’ मराठीला देणारे, २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, आणि हरित वसईसाठी रस्त्यावर उतरून लढलेले धर्मगुरू. जुलै २०२४ मध्ये ते गेले. संवादाची भाषा त्यांनी सोडली नाही आणि लढाही सोडला नाही.

या संग्रहात एक उणीव आहे आणि ती मी संपादकांना सांगितली आहे. सगळे लेखक या शहरात बाहेरून आलेले आहेत. ज्या गावांच्या जमिनीवर आम्ही राहतो, त्या गावांतल्या एकाचाही लेख नाही. पुढच्या आवृत्तीआधी संपादकांनी जासईला, उलव्याला, तुर्भे गावात जावं, नाताळला आपण त्यांच्या दारी केक घेऊन जातो तसं नुसतं जाऊ नये. आमच्याबद्दल तुमच्या मनात काय आहे, हे विचारावं आणि जे उत्तर मिळेल ते एका शब्दाचीही काटछाट न करता छापावं.